पोट, पाय आणि मन



वैशाखातल्या संध्याकाळी गोदाकाठी व्याख्यान ऐकावयास आपण येता, ते देशाचे राजकारण, संतांचे वाङ्मय, इतिहास, विज्ञान असे काही मोठे ऐकण्याच्या अपेक्षेने. त्या मानाने आजचा विषय अगदी घरगुती आहे. तो आहे पोटाचा. पोटाच्या तक्रारीविषयी आपण डॉक्टरांशी दार लावून बोलतो, मित्रांत थट्टेने बोलतो आणि चारचौघांत मुळीच बोलत नाही. परंतु अशा प्रत्येक सभेत कडेची खुर्ची शोधून बसणारा एखादा माणूस असतोच. व्याख्यानाचा कंटाळा येईल म्हणून तो कडेला बसत नाही. मध्येच उठावे लागले तर लोकांच्या पायांवरून जाण्याची वेळ येऊ नये म्हणून बसतो. आजचे बोलणे त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्या घरच्यांसाठीही आहे.

ह्या माणसाचे दुखणे जिवावरचे नसते. कधी जळजळ, कधी करपट ढेकरा, कधी पोटफुगी, कधी बद्धकोष्ठ तर कधी दिवसातून चार वेळा धावपळ. तपासण्या केल्या तर बहुधा त्यांत विशेष काही निघत नाही. मग तो स्वतःच उपाय शोधू लागतो. वांगे सोडतो, हरभऱ्याची डाळ सोडतो, दूध सोडतो, गहू सोडतो. एस. टी. च्या लांबच्या प्रवासाची धास्ती वाटते म्हणून मावसबहिणीच्या लग्नाला जात नाही. पंगतीत आग्रह होईल म्हणून पंगत टाळतो. घरात त्याचे निराळे शिजू लागते. दोन-चार वर्षांनी पाहावे तो पोट होते तिथेच आहे, पण माणसाचे जग मात्र ताट, अंथरूण आणि संडास एवढ्यात येऊन बसले आहे. पोटाच्या जुनाट विकारातला खरा तोटा तो हाच. तेव्हा आजच्या विवेचनाचा मुद्दा एका वाक्यात सांगतो : जगणे नीट व्हावे म्हणून पोट सांभाळावयाचे आहे, पोट सांभाळण्यापायी जगणे आकसू द्यावयाचे नाही. आणि हे साधावयाचे तर आहार, चालणे आणि मनाची स्वस्थता ह्या तिन्हींकडे एकदम लक्ष दिले पाहिजे. चुलीचे तीन दगड सारख्या उंचीचे असले तरच भांडे स्थिर बसते. एकच दगड उंच करीत गेले, तर भांडे कलंडणारच.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांविषयी मी बोलणार आहे ते जुने, रेंगाळणारे, तपासून घेतलेले विकार. न तपासलेल्या दुखण्यावर व्याख्यान हा उपाय नव्हे. शौचावाटे रक्त जाणे, डांबरासारखा काळा शौच होणे, काही न करता वजन उतरणे, घास गिळताना अडकणे, वारंवार उलट्या होणे, रक्त कमी झाल्याचे आढळणे, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच शौचाच्या सवयीत पडलेला फरक, ह्यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. छातीत भरून आले, घाम सुटला, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा घेत बसू नये. ते हृदयाचेही असू शकते आणि तिथे वेळेला किंमत असते. त्याचप्रमाणे गुडघे-कंबरेसाठी मनाने घेतलेल्या दुखणेनाशक गोळ्या जठराला व्रण पाडू शकतात. तंबाखू आणि मद्य हीही पोटाची मित्रे नव्हेत. इतके सांगून मुख्य विषयाकडे वळतो.

अन्नमार्ग म्हणजे तोंडापासून गुदद्वारापर्यंत गेलेली एक लांब स्नायूंची नळी. त्यांत लहान आतडे एकटेच सुमारे वीस फूट लांब. ह्या नळीच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे आहे. त्या पेशींची संख्या कोट्यवधींत जाते. हे जाळे पुष्कळसे काम मेंदूला न विचारता करते. परंतु मेंदूशी त्याचा दुतर्फी व्यवहार अखंड चालू असतो. परीक्षेच्या सकाळी मुलाला दोनदा शौचास जावे लागते, वाईट बातमी ऐकून भूक मरते, ही त्या व्यवहाराची आपल्या सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी पाहिली त्याला आता दोनशे वर्षे झाली. अमेरिकेत १८२२ साली अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरात उघडणारे भोक कायम राहिले. विल्यम बोमाँट ह्या लष्करी डॉक्टराने त्या भोकातून जठराचे काम वर्षानुवर्षे न्याहाळले आणि १८३३ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तो गडी संतापला की जठराच्या अस्तराचे रूप पालटते आणि पचन बिघडते, हे बोमाँटच्या ध्यानात आले होते. त्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन ह्याने क्ष-किरणांखाली मांजराच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर घाबरले वा चिडले की ती हालचाल थांबे. शांत झाले की पुन्हा सुरू होई. मनाचा पोटावर परिणाम होतो, ही केवळ आजीबाईची समजूत नव्हे, ती अशी पडताळून पाहिलेली आहे.

आता आपल्या विषयाला उपयोगी पडतील अशा आतड्यांच्या दोन सवयी सांगतो. पहिली अशी की, जठरात अन्न पडले म्हणजे मोठ्या आतड्याला चालना मिळते. सकाळच्या न्याहारीनंतर शौचाची भावना होते ती ह्यामुळे. ज्यांचे आतडे हुळहुळे, म्हणजे डॉक्टर ज्याला आय. बी. एस. म्हणतात त्या प्रकारचे असते, त्यांच्यात ही चालना अधिक जोराची असते. 'खाल्ले की लगेच जावे लागते' ही त्यांची तक्रार खोटी नसते. मात्र आत्ता खाल्लेले तसेच बाहेर पडले, ही त्यांची समजूत खरी नसते. जाते ते आदल्या दिवसाचे.

दुसरी सवय फार थोड्यांना माहीत आहे. पोट रिकामे असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक आकुंचनाची लाट जाते आणि उरलेसुरले कण, जंतू पुढे ढकलते. हा आतड्यांचा झाडूवाला म्हणावयास हरकत नाही. पोटात काही पडले की तो काम थांबवतो. आता आपला दिवस आठवा. सहाला चहा, आठला न्याहारी, दहाला कचेरीत चहा आणि त्याबरोबर बिस्किट, साडेअकराला कोणी आले म्हणून पुन्हा चहा, मधून मूठभर चिवडा. झाडूवाल्याला अंगण मोकळे सापडणार कधी? पोटफुगीची तक्रार करणाऱ्या पुष्कळांनी काय खावे ह्याचा विचार केलेला असतो, पण कधी खाऊ नये ह्याचा केलेला नसतो.

मनाचे, चालण्याचे आणि आहाराचे हे त्रिकूट एखाद्याच्या आयुष्यात कसे जमले, ह्याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. आचार्य विनोबा भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. त्यांची अंगकाठी किरकोळ आणि प्रकृती नाजूक. १९३८ साली ती इतकी ढासळली की वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींना काळजी वाटू लागली. कुठेतरी विश्रांतीला जावे असे ठरले, तेव्हा विनोबांनी थंड हवेचे ठिकाण निवडले नाही. वर्ध्याजवळच धाम नदीकाठी पवनार येथे जमनालाल बजाज ह्यांच्या बंगल्यात ते गेले. तेथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. नदी ओलांडताना सर्व संस्थांची, कामांची चिंता मनाने टाकून दिली. आणि शेतात थोडे थोडे खणावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशी काही मिनिटेच. मग हळूहळू वाढवीत, मध्ये थांबत, विसावा घेत. काही महिन्यांत वजन चांगले वाढले आणि प्रकृती सुधारली.

पुढे त्यांना पोटातील व्रणाचा विकार जडला आणि तो कायमचा सोबती झाला. अशा माणसाने १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचे पहिले दान स्वीकारले आणि नंतर तेरा वर्षे हिंदुस्थान पायाखाली घातला. रोजची मजल दहा-बारा मैलांची. पहाटे अंधारात निघावयाचे, ऊन चढण्याआधी मुक्काम गाठावयाचा. आहार मुख्यतः दूध-दह्याचा, तोही थोडा थोडा करून, ठरल्या वेळी. पोटाचा विकार गेला नाही. पण त्या विकाराने त्यांना घरी बसवले नाही. १९८२ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे वय ८७ वर्षांचे होते.

ह्या उदाहरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. विनोबांचा आहार आपण उचलावा असे मी म्हणत नाही. त्या काळी व्रणावर दूध हे औषध मानीत. आज तसे मानीत नाहीत, कारण दुधाने क्षणभर बरे वाटले तरी मागाहून जठरातील आम्ल वाढते. तसेच त्या काळी व्रणाचा सगळा दोष काळजीवर आणि तिखटावर टाकीत. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल ह्यांनी १९८२ च्या सुमारास दाखवून दिले की, बहुतेक व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. लोकांना पटेना, म्हणून मार्शल ह्यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज हा जंतू काही दिवसांच्या औषधांनी नाहीसा करता येतो. तेव्हा ज्याला व्रण झाला त्याला 'तू फार विचार करतोस, म्हणून झाले' असे म्हणणे अज्ञानाचे आहे आणि अन्यायाचेही. मन हे सर्व विकारांचे मूळ नव्हे. परंतु विकार कोणताही असो, तो किती जाणवावा, किती अडवावा, ह्यात मनाचा वाटा असतोच. विनोबांकडून घ्यावयाचे ते माप घेण्याचे तत्त्व. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, काम, झोप आणि जागरण ह्या सर्वांत माप राखण्याची गोष्ट आहे. त्याच अध्यायावर धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली बोलताना विनोबांनी जीवनाच्या परिमिततेवर भर दिला. परिमितता म्हणजे उपासमार नव्हे. कमी पडू नये आणि जास्त होऊ नये, ह्याचे नाव माप.

आता आहाराकडे येऊ. नाशकात आहाराविषयी बोलावयाचे आणि मिसळीचे नाव काढावयाचे नाही, हे शक्य नाही. रविवारी सकाळी ज्या गावाची पावले मिसळीकडे वळतात त्या गावाला मिसळ सोडा असे सांगणारा टिकणार नाही. तेव्हा ती उकलून पाहू. तिच्यात मोड आलेली मटकी आहे. कडधान्य भिजवले, मोड आणले म्हणजे त्यातील वात धरणारे घटक कमी होतात. मग नडते काय? वरची तर्री आणि फरसाण. तेल-तूप जठर उशिरा रिकामे होऊ देते, आणि मिरचीतील तिखट द्रव्य आतड्यांतील वेदनेचे मज्जातंतू चेतवते. त्यावर दोन पाव आणि वर चहा. तेव्हा तर्री वेगळी ठेवून अर्धी वाटी उसळ खाणाऱ्याला कदाचित काहीच होणार नाही. मुद्दा असा की, पदार्थावर सरसकट बहिष्कार घालण्याआधी त्यातले कोणते अंग आणि किती प्रमाण सोसत नाही, हे पाहावे.

दुसरे नाव कांद्याचे. लासलगावची बाजारपेठ ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला कांदा सोसत नाही हे सांगणे जिवावर येते. पण हुळहुळ्या आतड्याच्या पुष्कळांना ते खरे असते. कांदा, लसूण आणि गहू ह्यांत फ्रुक्टॅन नावाची शर्करासाखळी असते. ती लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि वायू होतो. निरोगी माणसाला तो जाणवतही नाही, हुळहुळ्या आतड्याला तो कळ आणतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी अशा पदार्थांची यादी करून एक पथ्य बसवले आहे. त्या पथ्यातली महत्त्वाची गोष्ट लोक विसरतात. ते जन्मभराचे नाही. काही आठवडे हे पदार्थ बंद करावयाचे, आणि मग एकेक परत आणून कोणता किती सोसतो ते पाहावयाचे. सोडणे हा अर्धाच भाग; परत आणणे हा उरलेला अर्धा, आणि तोच आपण करीत नाही. हे पथ्य आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे हे बरे. स्वयंपाकघरातली एक युक्ती सांगतो. हा घटक पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या, तर फोडणीला वास राहतो आणि त्रास बहुधा टळतो. कांद्याची उणीव हिंग पुष्कळशी भरून काढतो.

गव्हाचा संशय असेल तर मात्र एक सावधगिरी. गहू बंद करण्याआधी सीलिअॅक नावाच्या विकारासाठी रक्त तपासून घ्यावे. गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी ठरू शकते. ज्यांना तो विकार नाही पण पोळीने फुगते, त्यांनी ज्वारीची भाकरी करून पाहावी. दुधाचेही तसेच. मोठेपणी दुधातली साखर न पचणे आपल्याकडे पुष्कळांत आढळते. अशांना दही-ताक चालते, कारण विरजणातील जंतूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच संपवलेला असतो.

बद्धकोष्ठ असलेल्याला चोथा हवा, पण तो एकदम वाढवला तर पोट फुगते आणि माणूस कंटाळून सोडून देतो. आठवड्या-आठवड्याने वाढवावा. इसबगोल घ्यावयाचे तर पुरेशा पाण्याबरोबर. उपवासाच्या दिवशी आपण जेवण सोडतो आणि साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचे तळलेले पदार्थ एका बैठकीत घेतो. त्यात चोथा थोडा आणि तेल पुष्कळ. असा उपवास पोटाला विश्रांती देत नाही.

ह्या सगळ्याच्या वर एक नियम : वेळ. नाशिकरोडच्या छापखान्यात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, दवाखान्यांत जे पाळीने काम करतात त्यांची अडचण मी जाणतो. रात्रपाळीला मध्यरात्री तळलेले खाऊन पहाटे झोपणाऱ्याचे आतडे गोंधळणारच, कारण आतड्यालाही रात्र-दिवस कळतात. अशांनी मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्यावे, मध्यरात्री हलके काही आणि घरी येऊन झोपण्याआधी थोडेसे. घड्याळ बदलते तेव्हा निदान जेवणांतले अंतर बदलू नये.

काय सोसते ते कळण्यास वही ठेवावी. पण ती दोन-तीन आठवडेच. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, झोप किती झाली, त्या दिवशी मन कसे होते, आणि पोट कसे होते, एवढेच लिहावे. पुष्कळदा असे आढळते की, वांग्यावर ज्या त्रासाचा आळ होता, तो त्रास वांगे नसलेल्या पण जागरण झालेल्या दिवशीही झालेला आहे. वांग्याची निर्दोष सुटका होते.

आता पायांकडे. आपल्या पूर्वजांनी जेवणाला दोन गोष्टी जोडून दिल्या : शतपावली आणि वामकुक्षी. दोन्ही आजच्या ज्ञानाला धरून आहेत. जेवणानंतर सावकाश चालल्याने वायू पुढे सरकतो आणि रक्तातील साखरही फार चढत नाही. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणे. जठराची पिशवी डावीकडे असते, म्हणून डाव्या कुशीवर आम्ल खाली राहते आणि अन्ननलिकेत चढत नाही. उजव्या कुशीवर ते सहज चढते. मात्र जळजळीचा त्रास असलेल्याने रात्री जेवून लगेच आडवे होऊ नये. दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे आणि मग डावी कूस धरावी.

नियमित व्यायामाचा आतड्यांच्या तक्रारीवर उपयोग होतो का, हे स्वीडनमधील संशोधकांनी तपासले. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आय. बी. एस. च्या रुग्णांचे दोन गट होते. एकाने बारा आठवडे मार्गदर्शनाने हालचाल वाढवली, दुसऱ्याने नेहमीसारखेच ठेवले. पहिल्या गटाच्या तक्रारी कमी झाल्या, आणि दुखणे वाढलेल्यांची संख्याही त्या गटात कमी निघाली. हा व्यायाम तालमीतला नव्हता. चालणे, सायकल अशा स्वरूपाचा होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फेऱ्या घालणारे नाशिककर तेवढे सहज करतात. पांडवलेणीच्या पायऱ्याही आहेतच. पण ज्याने वर्षभर काही केलेले नाही, त्याने पवनारची कुदळ आठवावी : पहिल्या दिवशी काही मिनिटेच. उलट, पोट बिघडलेल्या दिवशी धावण्याचा हट्ट धरू नये. जोराच्या धावण्याने आतड्यांचा रक्तपुरवठा काही काळ घटतो आणि त्रास वाढतो. त्या दिवशी नुसते फिरून यावे, पण अगदीच अंथरूण धरू नये.

योगासनांचा उपयोगही आहे, आणि तो आंधळ्या श्रद्धेने मानण्याची गरज नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डीयान, नौली अशा क्रियांत पोटातील दाब कसा बदलतो, हे उपकरणांनी मोजले. मात्र व्रण, हर्निया, वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ह्या क्रियांच्या वाटेस जाऊ नये. साधा दीर्घ श्वास, पवनमुक्तासन आणि शवासन बहुतेकांना पुरेसे आहे.

चालण्याच्या आड येणारी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. ती म्हणजे संडासाची सोय. पुष्कळ जण, विशेषतः स्त्रिया, बाहेर पडत नाहीत ते आळसाने नव्हे. वाटेत वेळ आली तर जावे कोठे, ह्या भीतीने. बाहेर जावयाचे म्हणून पाणी पीत नाहीत, वेग दाबून धरतात, आणि बद्धकोष्ठ वाढवून घेतात. स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृह ही पोटाच्या आरोग्याची बाब आहे, आणि ती मागण्यात लाज वाटावयास नको. ती मिळेपर्यंत सकाळी घरी दहा मिनिटे निवांत मिळतील अशी वेळ राखावी, आणि त्या दहा मिनिटांत घरातल्या कोणी दार वाजवू नये.

राहिले मन. 'ताण घेऊ नका' हा जगातला सर्वांत स्वस्त आणि निरुपयोगी सल्ला. ज्याच्या बागेत द्राक्षे भरली आहेत आणि आभाळ गारपिटीचे झाले आहे, त्याला ताण घेऊ नका म्हणून सांगणारा स्वतः बागाईतदार नसतो. ताण टाळता येत नाही. पण तो जेवणाच्या पानावर येऊ न देणे थोडेफार आपल्या हाती आहे. जेवताना हिशेब, भांडण, मुलाचे गुणपत्रक आणि हातातला फोन ही चार दूर ठेवावीत. बसल्यावर पहिल्या घासापूर्वी पाच-सहा श्वास सावकाश घ्यावेत आणि त्याहून सावकाश सोडावेत. उच्छ्वास लांबवला म्हणजे शरीराची विसाव्याची मज्जासंस्था जागी होते, आणि पचनाचे काम तिच्याचकडे आहे. झोपेची वेळ शक्यतो एक ठेवावी. अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी तेच पोट अधिक दुखते. आणि एवढ्याने भागत नसेल, भीती वा खिन्नता महिनोन्महिने टिकत असेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. मन आणि आतडे ह्यांच्यातला व्यवहार सुधारणारे समुपदेशन आणि औषधे आहेत, आणि ती पोटाच्या विकारातही वापरतात.

एक ताण मात्र आपण स्वतः निर्माण करतो. तो पथ्याचा ताण. प्रत्येक घास संशयाने पाहणे, प्रत्येक गुरगुरीला कान लावणे, ह्याने पोट सावध होत नाही, भित्रे होते. लक्ष जितके पोटावर खिळते तितकी जाणीव तीव्र होते, आणि जाणीव तीव्र झाली की पुन्हा एक पदार्थ सुटतो. तेव्हा पथ्याच्या यादीत दर काही महिन्यांनी एखादी भर पडत असेल आणि वजाबाकी कधीच होत नसेल, तर दुखण्यापेक्षा यादीचीच चिकित्सा करण्याची वेळ आली असे समजावे.

घरच्या मंडळींना दोन शब्द. ह्या माणसाला तुम्ही तीन तऱ्हांनी वागवता. काही म्हणता, 'काही होत नाही हो, खा.' काही म्हणता, 'नको, तुम्हांला बाधेल,' आणि त्याच्या हातातली वाटी काढून घेता. आणि काही जण दर भेटीत एक नवा काढा सुचवता. तिन्ही प्रेमापोटी, आणि तिन्ही त्याला शिणवणारी. आपल्याकडे आग्रह हा पंगतीचा अलंकार मानतात. पण ज्याने हात आडवा केला त्याचा हात बाजूला सारून वाढणे हा पाहुणचार नव्हे. त्याला काय हवे ते त्याला विचारावे आणि त्याने सांगितले ते मानावे, एवढे पुरे. शक्यतो त्याचे निराळे न शिजवता सर्वांच्याच पातेल्यातून तिखट-तेल वाढण्याआधी त्याचा वाटा काढावा. निराळ्या पातेल्याने पोट सांभाळले जाते, पण माणूस वेगळा पडतो.

शेवटी, बिघडलेल्या दिवसाविषयी. तिन्ही दगड नीट बसवले तरी असे दिवस येणार. पावसाळ्यात येतील, लग्नसराईत येतील, काही कारण नसतानाही येतील. त्या दिवशी गुन्हेगार शोधू नये. मऊ भात, ताक, पुरेसे पाणी, थोडे चालणे, लवकर झोप. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर परत यावे. एका वाईट दिवसावरून नवा नियम करू नये. दोन दिवसांत आराम पडला नाही किंवा आरंभी सांगितलेल्या खुणांपैकी एखादी दिसली, तर डॉक्टर आहेतच.

त्या कडेच्या खुर्चीतल्या गृहस्थाला माझे एवढेच सांगणे आहे : पोट पूर्णपणे बरे होईल, मग मी लोकांत जाईन, अशी वाट पाहू नका. कदाचित ते पूर्णपणे बरे होणार नाही. मावसबहिणीच्या मुलीचे लग्न असेल तर जा. वाढणाऱ्याला निःसंकोच नको म्हणा. अर्धी पोळी, वरणभात खा, आणि सर्वांबरोबर बसा. व्याख्यानालाही या. कडेची खुर्ची धरा, मध्येच उठावे लागले तर उठा. पण पुन्हा येऊन बसा.